मधमाशीची वाकळ



शाळेच्या मागे जांभळीच्या बुंध्याशी मधमाश्यांची पेटी आहे, ती तुम्ही रोज पाहता. यंदा दिवाळीच्या सुट्टीत तिच्यात नवे मोहोळ येऊन बसले. त्याआधी फेब्रुवारीपासून ती पेटी रिकामी होती. ती का रिकामी झाली हे पाचवीच्या मुलांना ठाऊक आहे, धाकट्यांना नाही. चूक माझी होती. आता पुन्हा थंडी पडू लागली आहे, म्हणून ती चूक आणि तिच्यामागचे विज्ञान या अंकात लिहून टाकतो.

जानेवारीतला शनिवार होता. शनिवारी सकाळची शाळा. परिपाठ झाला तरी कडवीच्या खोऱ्यातलं धुकं उठलं नव्हतं. व्हरांड्यातल्या तापमापीत पारा बारा अंशांवर होता. मुलं कानटोप्या घालून, हात काखेत धरून बसली होती. मी म्हटलं, चला, आज पुस्तकातली मधमाशी नको, खरी दाखवतो. गार हवेत माश्या सुस्त असतात, चावायच्या नाहीत, असा माझा हिशेब.

झाकण काढलं. मधली चौकट उचलून हातात धरली आणि मुलांना दाखवू लागलो. ही अंडी, ह्या अळ्या, हे झाकलेले कोष, ही राणी. प्रत्येकाला जवळून पाहायचं होतं. दहा-बारा मिनिटं ती चौकट उघड्या हवेत राहिली. एकही माशी चावली नाही. तास छान झाला म्हणून मी खुशीत होतो.

मंगळवारी चौथीतली एक मुलगी पळत आली. "गुरुजी, माश्या पांढऱ्या आळ्या बाहेर टाकायल्यात." जाऊन पाहिलं तर पेटीच्या तोंडाशी मेलेल्या अळ्यांचा सडा. मी सांगून टाकलं, "माश्या साफसफाई करत असतील." मुलीला ते पटलं नाही. तिने घरी आज्याला विचारलं. तिचा आजा जन्मभर रानातला मध काढत आला. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला, पेटीपाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "गुर्जी, थंडीत पेटी उघडली हुती काय?"

मी म्हटलं, "हो, मुलांना दाखवायला."

"ल्हान लेकराच्या अंगावरची वाकळ भल्या सकाळी कुनी वढतंय व्हय?"

पुढे माश्या कमी कमी होत गेल्या आणि फेब्रुवारीत एका दुपारी उरलेलं मोहोळ उठून गेलं. मोहोळाला घर नकोसं झालं की ते असं निघून जातं. सातेरी माश्यांची ही सवयच आहे.

आज्याचं बोलणं माझ्या मनात राहिलं. माशीच्या अंगावर लोकर नाही, पिसं नाहीत. मग तिची वाकळ कसली? मी पुस्तकं काढली, ओळखीच्या मधपाळांना विचारलं. जे समजलं ते सांगतो.

कीटकाच्या अंगात शेगडी नाही

तुमच्या-माझ्या अंगाची उष्णता सदतीस अंशांच्या जवळपास असते. पौषात असो की वैशाखात, फारसा फरक नाही. आपण जेवतो, त्या अन्नाचं शरीरात सावकाश ज्वलन होतं आणि ऊब तयार होते. अन्नापासून शक्ती मिळवण्याच्या या सगळ्या खटाटोपाला चयापचय म्हणतात.

कीटकही खातात, त्यांचाही चयापचय चालतो. पण स्वस्थ बसलेल्या कीटकाची ऊब इतकी थोडी असते की ती अंगात टिकत नाही. हवा बारा अंश, तर मुंगीही बारा अंश. आणि गंमत अशी की चयापचयाचा वेग स्वतःच उष्णतेवर ठरतो. साधारणपणे दहा अंश वाढले की कीटकाचा चयापचय दुप्पट ते तिप्पट होतो. दहा अंश उतरले की तितकाच मंदावतो. म्हणूनच सकाळच्या प्रहरी भिंतीवरचा मुंगळा रेंगाळतो आणि दुपारी तोच मुंगळा पळत सुटतो. सकाळी तो आळशी नसतो बरं का! त्याची चूलच पेटलेली नसते.

आता आकाराचा विचार करा. भाताचं एक शीत ताटाच्या कडेला पडलं तर क्षणात गार होतं. तोच भात तपेल्यात झाकून ठेवला तर दुपारपर्यंत कोमट राहतो. भात तोच, मग फरक का? एकट्या शिताला चहूबाजूंनी हवा लागते आणि आत ऊब साठवायला जागाच नसते. तपेल्यातल्या मधल्या शितांना बाकीची शितं झाकून घेतात. माशी म्हणजे एक शीत. हवा दहा अंशांच्या खाली गेली की एकटी मधमाशी बधिर होते. पाय हलत नाहीत, ती पडून राहते. काही वेळातच तिला ऊब मिळाली तर उठते, नाहीतर मरते.

मग सबंध हिवाळा माश्या जगतात कशा? शितं तपेल्यात शिरतात म्हणून.

इंजिन चालू, गाडी उभी

मलकापूरच्या स्टँडवर पहाटेची एस.टी. तुम्ही पाहिली असेल. गाडी जागची हलत नाही, पण ड्रायव्हर इंजिन चालू ठेवतो. घरघर होते, सगळी गाडी थरथरते आणि इंजिन तापतं. मधमाशी नेमकं हेच करते. तिच्या छातीत पंख हलवणारे दणकट स्नायू असतात. ते तीस अंशांच्या आसपास तापल्याशिवाय तिला नीट उडता येत नाही. म्हणून ती पंख न हलवता नुसते स्नायू थरथरवते. पंख स्थिर, पण छाती गरम! आपण थंडीत कुडकुडतो, त्याचाच हा प्रकार. आपल्याला कुडकुडायला लागतं, माशी मुद्दाम कुडकुडते.

थंडी वाढली की पेटीतल्या हजारो माश्या पोळ्यांवर एकमेकींना चिकटून पुंजका करतात. मधल्या माश्या ऊब तयार करतात, बाहेरच्या माश्या डोकी आत करून दाटीवाटीने बसतात आणि ती ऊब बाहेर जाऊ देत नाहीत. पुंजक्याच्या आत अंडी, अळ्या आणि कोष असतात. या पिल्लांना तेहतीस ते पस्तीस अंश उष्णता लागते. मोठी माशी थोडी गारठली तरी सावरते, पण अळी सावरत नाही. पिल्लांना ऊब कमी पडली तर त्यांची वाढ रेंगाळते, पंख अधू राहतात, फार कमी पडली तर ती मरतात. युरोपातल्या मधमाश्यांवर संशोधकांनी असंही पाहिलं आहे की काही कामकरी माश्या कोषांवर आपली छाती टेकवून बसतात, तर काही मधल्या रिकाम्या घरात डोकं घालून आजूबाजूच्या कोषांना शेक देतात. बाळंतिणीच्या खोलीतल्या शेगडीसारख्या!

आता मी काय केलं होतं ते पाहा. पिल्लांना पाहिजे होते पस्तीस अंश आणि मी त्यांना दहा-बारा मिनिटं बारा अंशांत धरलं. माश्यांचा पुंजका मोडला, मोठ्या कष्टाने जमवलेली ऊब वाऱ्यावर गेली. आज्या म्हणाला ती वाकळ म्हणजे माश्याच होत्या. मी जिवंत वाकळ ओढून काढली होती.

मध म्हणजे लाकूडफाटा

इंजिन चालू ठेवायचं तर तेल पाहिजे. माशीचं तेल म्हणजे मध. आपल्या घरात पावसाळ्याआधी लाकूडफाटा आणि शेणी भरून ठेवतात, तशी माशी मध भरून ठेवते. मधातली साखर जाळून तिचे स्नायू थरथरतात. पेटीतला सगळा मध हावरेपणाने काढून घेतला तर माश्या उपाशी मरतात, एवढंच आपण समजतो. उपाशी आणि गारठून, असं म्हणायला हवं. शेणी संपली की चूल विझायचीच.

आपल्या शाहूवाडीच्या पश्चिम भागात तर थंडीपेक्षा पावसाळा जड. आंब्याकडे, विशाळगडाकडे जून ते सप्टेंबर पाऊस सलग लागतो. हवा गार, फुलं भिजलेली, माशीला बाहेर पडता येत नाही. आत बसून साठवलेला मध खायचा. म्हणून जाणते मधपाळ पावसाळ्यापुरता मध पेटीत ठेवतात आणि कमी पडला तर साखरेचा पाक पाजतात.

या उबेचा माश्या हत्यार म्हणूनही उपयोग करतात. जपानमध्ये सातेरीची चुलत बहीण आहे. तिच्या घरात मोठी गांधीलमाशी शिरली की शेकडो माश्या तिला गराडा घालून थरथरू लागतात. गराड्याच्या आत उष्णता ४६ अंशांच्या पुढे जाते. गांधीलमाशी ४४ ते ४६ अंशांत मरते, मधमाशी मात्र ४८ अंशांपर्यंत तग धरते. दोन-चार अंशांच्या फरकावर लढाई जिंकायची! हा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. आपली सातेरीही अशीच झुंज देते.

कोण कुठे राहते?

आता खरी मौज. कोणत्या जातीला किती ऊब तयार करता येते आणि ती टिकवता येते, यावर तिचा पत्ता ठरतो. आपल्या तालुक्यातच पाहा.

फुलोरी सगळ्यांत छोटी मधमाशी. झुडपाच्या फांदीला तळहाताएवढं एकच पोळं बांधते, तेही उघड्यावर. माश्या थोड्या, ऊब थोडी, घराला भिंती नाहीत. त्यामुळे तिला सखल, ऊबदार, उन्हाचा मुलूख लागतो. दीड हजार मीटर उंचीच्या वर ती सहसा राहत नाही. आपल्याकडे तिला शोधायचं तर गर्द जंगलापेक्षा बांबवडे-सरूडकडच्या उघड्या शिवारात, बांधावरच्या झुडपांत शोधा.

पोयाची माशी तर मुंगीएवढी काळी. हिला नांगी नाही. भिंतीच्या फटीत किंवा झाडाच्या ढोलीत डिंक-मेणाचं घर करते. सातेरीसारखं पक्कं तापमान राखणं तिला जमत नाही, म्हणून ही जात उष्ण प्रदेशातच सापडते.

आग्या मोठी आणि रागीट. उंच झाडाच्या फांदीला किंवा कड्याच्या कपारीला तिचं एकच मोठं पोळं लटकतं. ते कधीकधी मीटरभर रुंद असतं. घराला भिंत नाही, म्हणून माश्याच भिंत होतात. पोळ्यावर माश्यांचे थरावर थर पडद्यासारखे बसतात. हीसुद्धा वाकळच. त्यामुळे थोडी थंडी ती सोसते. पण घाटातला सलग पाऊस उघड्या पोळ्याला सोसवत नाही आणि तेव्हा फुलोराही नसतो. म्हणून पावसाळा लागण्याआधी पुष्कळशी आग्यामोहोळं घाटातून उठून पठारावर, देशावर जातात. पाऊस सरला, फुलं आली की परततात, पुष्कळदा त्याच झाडावर. रिकामं पोळं दिसलं की 'माश्या मेल्या' म्हणू नका. त्या ऊसतोडीच्या टोळीसारख्या मुक्काम हलवून गेलेल्या असतात.

सातेरी आपल्या पेटीतली. ही ढोलीत, कपारीत, वारुळात राहते आणि एकामागे एक सात-आठ पोळी लावते. सात पोळी म्हणून सातेरी, असं सांगतात. घराला भिंती, दार लहान, आत पोळ्यांचे थर आणि मधाचा साठा. सगळी सोय! म्हणून हीच जात सर्वांत थंड मुलखात पोचली. महाबळेश्वर साडेतेराशे मीटर उंच. हिवाळ्यात वेण्णा तलावाच्या काठी कधीकधी दव गोठतं. तरी तिथे सातेरीच्या पेट्या सुखाने नांदतात. राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालयही तिथेच आहे. जवळच्या मांघर गावाला २०२२ साली 'मधाचे गाव' करण्यात आलं. पाठोपाठ आपल्या जिल्ह्यात भुदरगड तालुक्यातल्या पाटगावचाही त्यात समावेश झाला. मधमाश्यांचा अभ्यास करणारी केंद्रीय संस्था १९६२ पासून पुण्यात आहे.

सातेरी महाबळेश्वरावरच थांबली नाही. काश्मीरपासून चीन, जपानपर्यंत तिची जात पसरली आहे. काश्मीरची सातेरी केरळातल्या सातेरीपेक्षा अंगाने मोठी असते. मोठं शीत सावकाश गार होतं, हे लक्षात आलं ना?

हिमालयात आग्याचीही एक थोरली बहीण आहे. जगातली सर्वांत मोठी मधमाशी तीच. अंगाने काळसर, केसाळ. अडीच-तीन हजार मीटर उंचीच्या कड्यांना तिची पोळी लटकतात. पण तिचंही घर उघडंच. कडाका पडला की तीही पोळं सोडून खाली उतरते. हिमाचल प्रदेशातले मधपाळसुद्धा हिवाळ्यात पेट्या ट्रकवर घालून पंजाब, हरियाणा, राजस्थानकडे नेतात. धनगर मेंढरं घेऊन फिरतात, तसे हे माश्या घेऊन फिरतात.

ज्यांना ऊब करता येत नाही, ते?

सगळ्या कीटकांना ही विद्या येत नाही. मग ते काय करतात? काही जण झोपून घेतात. भातावरचा खोडकिडा तुमच्या वडिलांना चांगला माहीत आहे. भात कापला तरी त्याची अळी धसकटात लपून हिवाळा काढते. चयापचय इतका मंद करते की खाल्ल्यावाचून महिनोन्महिने जगते. म्हणूनच कापणीनंतर नांगरट करून धसकटं वेचून नष्ट करा, असं शेतकी खातं सांगतं. किड्याची वाकळ ओढायची, पण ती जाणूनबुजून!

दुसरे काही कीटक अंगातलं पाणी गोठू नये म्हणून रक्तात ग्लिसरीनसारखा पदार्थ तयार करतात. मोटारीच्या रेडिएटरात थंड प्रदेशात औषध घालतात, तसं. दक्षिण ध्रुवाजवळ अंटार्क्टिका खंडावर पंख नसलेली एक चिमुकली माशी आहे, दोन ते सहा मिलिमीटरची. तिची अळी दोन वर्षं बर्फाखाली मातीत काढते. अंगातलं पाणी गोठलं तरी ती मरत नाही. मोठी झाल्यावर मात्र जेमतेम आठ-दहा दिवस जगते.

थोडक्यात, थंडीपुढे कीटकाला वाटा मोजक्याच. मुलूख सोडून जा, मुळातच ऊबदार मुलखात राहा, झोपून घ्या, गोठणार नाही असं रक्त करा, नाहीतर घर, साठा आणि सोबतीणी जमवून स्वतःची ऊब स्वतः तयार करा. ही शेवटची वाट सातेरीची. ती एकटीला जमत नाही. एकटी सातेरी आणि एकटा मुंगळा, थंडीला दोन्ही सारखेच.

आणि घर म्हणाल तर आपल्या भागात तिचं खरं घर म्हणजे जुन्या झाडाची ढोली. आंब्याच्या देवराईत अशी पोकळ, म्हातारी झाडं अजून आहेत. 'पोकळ झालंय, काय कामाचं, तोडा' असं पुष्कळ ठिकाणी ऐकू येतं. लाकूड म्हणून ते कामाचं नसेल. सातेरीला मात्र तोच वाडा असतो. कोवळं झाड लावून ती सोय होत नाही. ढोली पडायला पन्नास वर्षं जावी लागतात.

आपल्या पेटीचे नियम

आज्याला विचारूनच हे ठरवले आहेत. पाचवीची मुलं देखरेख करतील.

१. संक्रांत होईपर्यंत सकाळी पेटी कोणीही उघडायची नाही, मीसुद्धा नाही. ऊन चांगलं तापलं, माश्यांची ये-जा सुरू झाली की अकराच्या पुढे, तेही आठवड्यातून एकदाच पाहायचं.
२. चौकट उचलली तर पटकन पाहून परत ठेवायची. सगळ्यांना दाखवायला फळ्यावर चित्र काढीन.
३. पेटीवर पोतं पांघरलेलं असेल ते काढायचं नाही. मात्र तोंड बंद करायचं नाही, माश्यांना हवा लागते.
४. यंदाचा पहिला मध माश्यांचा. पावसाळ्यापुरता ठेवून उरला तरच आपला.
५. सकाळी पेटीपुढे गारठून पडलेली माशी दिसली तर झाडूने लोटू नका. कागदावर घेऊन उन्हात ठेवा. पोट धडधडू लागलं, पाय हलले की ती स्वतःच जाईल. हाताने धरू नका, नांगी जागीच असते.

करून पाहा

शाळेच्या भिंतीवर खडूने दोन रेघा हातभर अंतरावर काढा. एका रेघेपासून दुसरीपर्यंत जायला मुंगळ्याला किती वेळ लागतो तो सकाळी साडेसातला मोजा आणि दुपारी एकला पुन्हा मोजा. घड्याळ नसेल तर सावकाश अंक म्हणा. शेजारी तापमापीतला पारा लिहा. असं आठ दिवस करा. आकडे खालच्या पाकिटात टाका, पुढच्या अंकात तक्ता लावू.

आणि दोन प्रश्न. पेटीच्या आत भर पौषात पस्तीस अंश असतात, मग वैशाखात बाहेर चाळीस अंश झाले तर माश्या काय करत असतील? सूचना: पेटीच्या तोंडाशी पाहा आणि पाणी प्यायला माश्या कुठे जातात तेही पाहा. दुसरा प्रश्न: आपल्या गावात ढोली असलेली झाडं किती? वाडीवार यादी करा.

आज्या परवा पुन्हा आला होता. पेटीला कान लावून बसला. मी विचारलं, "काय ऐकू येतंय?" तर म्हणाला, "इंजान चालू हाय."

तुम्हीही कान लावून ऐका. उघडायची गरज नाही.

— चौथीचे वर्गशिक्षक